दहावा दिवस हुकला, अकराव्याचं काय?

प्रिय ताई,

माझं वय ४१. नोकरी करते, दोन मुलं आहेत. दहा महिन्यांनी बढतीची परीक्षा आहे. शिवाय रक्तदाब थोडा वाढल्यामुळे डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय. नोकरी आणि जाणं-येणं यात ११ तास जातात, घरकाम आणि मुलांचं करण्यात चारेक तास. या वर्षात मी तीनदा वेळापत्रक केलं. पहाटे पाचला उठायचं, ४५ मिनिटं चालायचं, १५ मिनिटं ध्यान, रात्री दोन तास अभ्यास, मग १५ मिनिटं डायरी आणि त्यानंतर मोबाइल बंद. पहिल्यांदा नऊ दिवस टिकलं, दुसऱ्यांदा चौदा, आता पुन्हा नऊ. २१ दिवसांत सवय लागते म्हणतात, माझी गाडी तिथवरही पोचत नाही. दहाव्या दिवशी महिनाअखेरच्या कामामुळे घरी यायला साडेआठ झाले, अभ्यास राहिला. मग ‘आजचा दिवस गेलाच’ म्हणत रात्री एकपर्यंत मोबाइल बघत बसले. सकाळी उठवलं नाही. सगळं मोडलं. दोन दिवसांनी वही बंद करून टाकली. परवा नवरा सहज म्हणाला, ‘तू आरंभशूर आहेस.’ तो शब्द डोक्यातून जात नाही. माझ्यात इच्छाशक्तीच नाही का? ती वाढवायचा काही उपाय असतो का? वहीच्या पानाचा फोटो सोबत जोडतेय.

– नव्याचे नऊ दिवसवाली

प्रिय मैत्रिणी,

तुम्ही पाठवलेला फोटो मी मोठा करून बराच वेळ पाहिला. पट्टीने आखलेले सहा रकाने, चालण्याला हिरवी शाई, अभ्यासाला निळी, बाकीच्यांना काळी. नऊ ओळी खुणांनी गच्च भरलेल्या. दहाव्या ओळीत पहाटे उठणं, चालणं आणि ध्यान या तिन्हींपुढे खूण आहे. अभ्यासापुढे पेन्सिलीने केलेली बारीकशी फुली आहे आणि तिथून पुढे पान कोरं. डायरी आणि मोबाइलच्या रकान्यात तर तुम्ही फुलीसुद्धा मारलेली नाही. म्हणजे घरी यायला साडेआठ वाजले त्या दिवशीही सहापैकी तीन गोष्टी झाल्या होत्या. आणि पत्रात तुम्ही लिहिता, ‘सगळं मोडलं.’

तुमचं सगळं पत्र मला त्या पेन्सिलीच्या फुलीपाशी अडकलेलं दिसतं, म्हणून मीही तिथेच थोडी थांबणार आहे.

आधी त्या शब्दाबद्दल. आरंभशूर म्हणजे जो सुरुवात दणक्यात करतो आणि नंतर त्या वाटेला फिरकत नाही. तुम्ही एका वर्षात तीनदा त्या वाटेला आलात. तिन्ही वेळचे मिळून ३२ दिवस भरतात. मनापासून नको असलेली गोष्ट माणूस तिसऱ्यांदा आखायला घेत नाही हो. घरच्या माणसाने सहज म्हटलेलं बाहेरच्याच्या बोलण्यापेक्षा खोल लागतं, ते मला समजतं. पण त्या शब्दाला निदान मानू नका. तुम्हाला सुरुवात छान जमते. खंड पडला की परत कसं यायचं, याची मात्र तुमच्या वेळापत्रकात एक ओळही नाही.

आता जरा बेरीज करू या. नोकरी आणि प्रवासाचे ११ तास, घराचे चार, अभ्यासाचे दोन, चालण्याचा पाऊण, ध्यान आणि डायरीचा मिळून अर्धा. झाले सव्वाअठरा. उरले पावणेसहा तास. झोप, आंघोळ, जेवण, आईचा फोन, मुलाचा ताप, सगळं या पावणेसहा तासांत बसवायचं. मोठ्या माणसाला रात्री किमान सात तास झोप हवी असं झोपेचे तज्ज्ञ सांगतात. म्हणजे तुमचं वेळापत्रक पहिल्या दिवसापासून झोपेकडून उसने तास घेऊन उभं होतं आणि ती उधारी नऊ दिवस साचत गेली. दहाव्या रात्री तुम्ही गळून गेलात यात इच्छाशक्तीचा संबंध मला कुठेच दिसत नाही.

वेळापत्रक आखायला आपण बसतो तेव्हा सुट्टीचा दिवस असतो, घर शांत असतं, वही कोरी असते. त्या वेळी आपण जिच्यासाठी आखतो त्या बाईच्या ऑफिसात महिनाअखेर येत नाही आणि तिचं डोकं कधी दुखत नाही. पाळायची वेळ येते ती साडेआठला दमून दारात उभ्या असलेल्या बाईवर. पुढचं वेळापत्रक तिला विचारून करा.

आता ती रात्र. अभ्यास राहिला, हे नुकसान मुळात दोन तासांचं. पण ‘आजचा दिवस गेलाच’ हे वाक्य मनात आलं आणि त्याने झोपेचे दोन तास घेतले, गेलेल्या झोपेने पहाट घेतली, पहाटेबरोबर चालणं गेलं आणि दोन दिवसांत वही मिटली. या वाक्यावर मानसशास्त्रात बराच अभ्यास झालाय. टोरोंटो विद्यापीठातले जॅनेट पोलिव्ही आणि पीटर हर्मन यांनी खाण्यावर बंधनं घालून घेतलेल्या माणसांचं वागणं वर्षानुवर्षं तपासलं. एरवी माणसाने आधी काही भरपेट खाल्लं असेल तर तो नंतर कमी खातो. पथ्यावर असलेल्यांचं उलट होतं. पथ्य मोडलंच आहे असं एकदा वाटलं की ती माणसं नंतर जास्त खात. भूक तीच, पोट तेच, फक्त मनातला हिशेब बदललेला. नियम एक तर पूर्ण पाळला किंवा पूर्ण मोडला, मधलं काही नाहीच, असं मनाने धरलेलं असतं. तुमच्या मोबाइलच्या रात्री नेमकं हेच झालं.

मधलं असतं, आणि ते मोजलंही गेलंय. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांना प्रत्येकी एकच छोटी गोष्ट निवडायला सांगितली, खाण्यापिण्यातली किंवा व्यायामाची. ती रोज एका ठरावीक प्रसंगाला जोडून करायची आणि ती किती आपोआप होते आहे याची नोंद १२ आठवडे ठेवायची. २०१० साली त्यांचा निबंध छापून आला. सवय अंगवळणी पडायला कुणाला १८ दिवस लागले, तर कुणाच्या बाबतीत आलेखावरून बांधलेला अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. मधला आकडा ६६ दिवसांचा. तुम्ही ज्या २१ दिवसांवर स्वतःला नापास केलंत, त्याचं मूळ मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकी प्लास्टिक सर्जनच्या निरीक्षणात आहे. शस्त्रक्रियेनंतर आरशातला नवा चेहरा ओळखीचा वाटायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात, असं त्यांनी १९६० साली लिहिलं होतं. त्यातलं ‘किमान’ पुढे गळालं, आणि चेहऱ्याची गोष्ट अभ्यासाला आणि व्यायामाला चिकटली. तुमची गाडी कुठेही चुकलेली नाही, स्टेशनच तिथे नव्हतं.

लॅलींच्या अभ्यासातलं तुमच्यासाठी सगळ्यात मोलाचं मी मुद्दाम मागे ठेवलं होतं. मध्ये एखादा दिवस राहिला तर सवय जडण्यावर त्याचा म्हणण्यासारखा परिणाम झाला नाही. दुसऱ्या दिवशी माणूस परत आला की सवय मागच्याच जागेवरून पुढे सरकत राहिली. तुमच्या दहाव्या ओळीतल्या त्या फुलीने मागच्या नऊ ओळी पुसल्या नव्हत्या. अकराव्या दिवशी तुम्ही परत आला असतात तर तो तुमचा पहिला नव्हे, अकरावाच दिवस असता.

इच्छाशक्तीबद्दल विचारलंत. जर्मनीत वुर्ट्सबुर्ग शहराच्या आसपास २०५ जणांना आठवडाभर छोटं यंत्र देऊन दिवसातून अनेकदा विचारलं गेलं की आत्ता कशाचा मोह होतोय, तो आवरताय का. २०१२ साली त्याचे निष्कर्ष आले. ज्यांचा स्वतःवर ताबा चांगला आहे असं दिसलं होतं, ती माणसं दिवसभर मोहाशी झुंजत नव्हती. त्यांच्यावर झुंजायची वेळच कमी येत होती. आपल्याला ज्यांचं कौतुक वाटतं त्यांचं दिवसाचं बरंचसं गाडं ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी, विचार न करता चालत असतं. त्यामुळे इच्छाशक्ती वाढवायचं औषध मी तुम्हाला देणार नाही. ती कमीत कमी लागेल अशी मांडणी आपण करू.

माझ्यापुरतं सांगते. काही वर्षांपूर्वी घोट्याच्या दुखण्यासाठी मला टाचा उचलायचा व्यायाम सांगितला होता. मी चांगला ४० मिनिटांचा संच ठरवला, त्यात मान, पाठ, गुडघे सगळं घेतलं, आणि तिसऱ्या आठवड्यात सगळंच सुटलं. दुखणं वाढलं तेव्हा एकच ठेवलं. सकाळी दात घासून ब्रश पेल्यात ठेवला की हात बेसिनच्या कडेवर टेकवायचे आणि टाचा दहा वेळा उचलायच्या. ब्रश पेल्यात पडल्याचा ‘टक्’ आवाज हीच घंटा. सुरुवातीला त्याचं हसू येई, इतकं ते किरकोळ वाटायचं. दोनेक महिन्यांनी बहिणीकडे राहायला गेले तेव्हा लक्षात आलं की चार दिवसांत मी एकदाही टाचा उचलल्या नव्हत्या. तिच्याकडे ब्रश ठेवायला भिंतीवर अडकवलेला कप्पा आहे. पेला नाही, आवाज नाही, व्यायाम नाही. घरी परतले आणि पहिल्याच सकाळी हात आपणहून बेसिनच्या कडेवर गेले. आपली सवय आपल्यात जितकी असते तितकीच त्या पेल्यात असते, हे मला त्या दिवशी पटलं.

वेंडी वूड या मानसशास्त्रज्ञ बाईंनी लोकांना दर तासाला आपण काय करतोय, कशाचा विचार करतोय हे लिहायला लावलं होतं. २००२ साली छापलेल्या त्यांच्या निबंधात दिसतं की रोजच्या कामांपैकी जवळपास ४३ टक्के कामं माणसं त्याच जागी, तशीच, आणि डोक्यात दुसरंच काही चालू असताना करत होती. हे चांगल्या सवयींना लागू आहे आणि तुमच्या रात्रीच्या मोबाइललाही. म्हणून आधी पेला शोधायचा.

तुमच्या पत्रात तो सापडला मला. तुम्ही लिहिलं नाहीत, पण अभ्यास रात्री असल्यामुळे अंदाज करते की घरातली शेवटची आवराआवर तुमचीच असते. स्वयंपाकघरातला दिवा मालवणं ही तुमची घंटा. नऊला मालवा नाहीतर साडेदहाला, घड्याळ काय म्हणतं त्याला महत्त्व नाही. दिवा मालवला की त्याच पावली टेबलाशी जायचं. पुस्तक आधीच उघडं, त्या दिवशीच्या पानावर पेन्सिल आडवी ठेवलेली. कपाटातून पुस्तक काढायचं, कुठवर आलो ते शोधायचं, पेन हुडकायचा, दमलेल्या माणसाचा निश्चय या तीन पायऱ्यांवरच बसकण मारतो. बसल्यावर किती वाचायचं? एक पान. फार तर एक उदाहरण. बरं वाटत असेल तर अर्धा तास बसा, पण वहीत खूण होण्यासाठी एक पान पुरे. तुम्हाला हे लाजिरवाणं कमी वाटेल. साडेआठला घरी आलेल्या बाईला विचारा, तिला ते जमण्याजोगं वाटेल.

चालण्याचंही तसंच. पहाटे पाचचा हट्ट सोडा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचना प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगतात. आधीच्या सूचनांत सलग दहा मिनिटं तरी हवीत अशी अट होती, ती आता नाही. थोडं थोडं केलेलंही धरलं जातं. आठवड्याचे १५० भागिले सात, रोजची २१-२२ मिनिटं झाली, तीही दोन तुकड्यांत चालतील. दुपारी जेवण झालं की डबा बॅगेत ठेवायच्या आधी दहा मिनिटं, संध्याकाळी उतरल्यावर घरी येताना दहा-बारा मिनिटं. रक्तदाबाचं औषध चालू असेल किंवा आणखी काही त्रास असेल तर वेग किती ठेवायचा हे तेवढं तुमच्या डॉक्टरांना विचारून घ्या.

ध्यान आणि डायरी सध्या काढून टाका. चांगल्या गोष्टी आहेत, पण एक ना धड भाराभर चिंध्या होतात. अभ्यास आणि चालणं अंगवळणी पडलं की त्यांचं बघू.

आता अकरावा दिवस. खंड पडणार आहे हे आजच धरून चाला. महिनाअखेर दर महिन्याला येते, मुलं आजारी पडतात, पाहुणे येतात. पीटर गोलविट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने एक साधी युक्ती तपासली. नुसतं ‘मी अभ्यास करीन’ असं ठरवण्याऐवजी ‘अमुक घडलं तर मी तमुक करीन’ असं वाक्य आधीच करून ठेवायचं. त्यांनी आणि पास्कल शीरन यांनी २००६ साली अशा ९४ चाचण्या एकत्र तपासल्या. असं वाक्य करून ठेवणाऱ्यांच्या हातून ठरवलेलं काम होण्याचं प्रमाण चांगलंच वाढलेलं दिसलं. कारण समजण्यासारखं आहे. निर्णय आधीच झालेला असतो, प्रसंग समोर आला की तो फक्त आठवतो. थकलेल्या डोक्याला नव्याने वाद घालावा लागत नाही.

तुमच्यासाठी दोन वाक्यं मी लिहिते, शब्द तुमच्या बोलण्यातले करून घ्या. पहिलं, ‘घरी यायला आठ वाजून गेले, तर दिवा मालवल्यावर मी उभ्या उभ्या एक पान वाचीन आणि झोपीन.’ दुसरं, ‘एखादा दिवस पूर्ण राहिला, तर दुसऱ्या दिवशी वहीत फुली मारून कारण चार शब्दांत लिहीन आणि त्या रात्री एकच पान वाचीन.’ एकच पान, हे विसरू नका. राहिलेल्याची भरपाई करायला जाऊ नका. काल दोन तास राहिले म्हणून आज चार, हा हिशेब मनाला न्यायाचा वाटतो, पण त्यामुळे परतीच्या दिवशीच सर्वांत मोठा डोंगर समोर उभा राहतो. परतीचा दिवस सगळ्यात हलका हवा. तुम्ही वही बंद केलीत त्यामागे हा न फिटलेला हिशेब होता, असं मला राहून राहून वाटतं.

फुली शाईने करा. पेन्सिलीने बारीक करण्यासारखं त्यात काही नाही. कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचा एक अभ्यास झाला होता, २०१० साली छापलेला. पहिल्या परीक्षेच्या आधी ज्यांनी अभ्यास पुढे ढकलला आणि त्याबद्दल स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेला चालढकल कमी केली. स्वतःला कोसत राहिलं की वहीकडे बघणंच नको होतं. आणि वही बघितली नाही तर परत यायचं दारच बंद.

वहीत आणखी एक बदल करा. सलग किती दिवस झाले हे मोजू नका, कारण त्या मोजणीत एका फुलीने सगळं शून्य होतं. महिन्याअखेरीस दोन आकडे लिहा. महिन्यातले किती दिवस झाले, आणि सगळ्यात मोठा खंड किती दिवसांचा पडला. तुमचे आजवरचे खंड महिन्या-दोन महिन्यांचे असावेत. पुढच्या महिन्यात चार दिवसांचा पडला आणि त्यापुढच्या महिन्यात दोन, तर तुमची सवय जडते आहे, खुणा २० असोत की २५. ‘आता एक तारखेपासून’ म्हणून थांबायचंही नाही. हेंगचेन दाई, कॅथरिन मिल्कमन आणि जेसन रीस यांनी २०१४ साली दाखवलं की आठवड्याच्या, महिन्याच्या, वर्षाच्या सुरुवातीला लोक व्यायामशाळेकडे जास्त वळतात. नव्या तारखेचा हुरूप खरा असतो, मिळाला तर घ्या. पण त्याची वाट बघण्यात सात तारखेला पडलेला खंड २४ दिवसांचा होतो.

मोबाइलसाठी एकच सुचवते. चार्जर झोपायच्या खोलीतून बाहेर न्या आणि दिवा मालवताना फोन तिथे लावा. वेंडी वूड आणि त्यांचे सहकारी डेव्हिड नील यांनी २०११ साली चित्रपटगृहात एक गंमतशीर प्रयोग छापला. लोकांना आठवड्यापूर्वी केलेलं शिळं पॉपकॉर्न दिलं. चित्रपट बघताना पॉपकॉर्न खायची सवय पक्की असलेल्यांनी ते ताज्याइतकंच खाल्लं, आवडत नाही असं सांगूनही. पण त्याच माणसांना सवयीच्या नसलेल्या, उलट्या हाताने खायला लावलं, तेव्हा हात थांबला. एवढीशी अडचणही सवय मोडायला पुरते. रात्री एकला उठून बाहेरच्या खोलीत उभं राहून फोन बघणं म्हणजे तो उलटा हात. गजरासाठी फोन लागतो म्हणाल, तर साधं गजराचं घड्याळ घ्या.

आता तुमच्या मनात आलेली शंका. रोज एक पान वाचून परीक्षा पास होते का? नाही होत, आणि मी तसं सांगून तुम्हाला फसवणार नाही. एका पानामुळे तुम्ही टेबलाशी पोचता, तास त्यानंतर घालावेच लागतात. म्हणून हिशेब असा करा. आठवड्यात पाच रात्री सरासरी अर्धा तास धरा, काही रात्री एक पान होईल, काही रात्री पाऊण तास. ते अडीच तास. सुट्टीच्या दोन दिवशी दीड-दीड तासाची बैठक, ते तीन. आठवड्याचे साडेपाच तास. दहा महिन्यांतून आजारपण, समारंभ वगळून ४० आठवडे धरले तर २२० तास होतात. तुमच्या या वर्षातल्या कडक वेळापत्रकाने ३२ दिवस गुणिले दोन, म्हणजे ६४ तास दिले. शिवाय तेच तास एकाच बैठकीत कोंबण्यापेक्षा दिवसांवर पसरले तर वाचलेलं जास्त काळ लक्षात राहतं, ही शिकण्याच्या शास्त्रातली फार जुनी आणि पुन्हा पुन्हा पारखलेली गोष्ट आहे.

सुट्टीच्या त्या दोन बैठकींसाठी नवऱ्याशी बोला. ‘मला साथ दे’ असं मोघम नको, त्यावर तो हो म्हणेल आणि पुढे काय करायचं ते त्याला कळणार नाही. ‘शनिवारी आणि रविवारी दहा ते साडेअकरा मुलांचं तू बघायचंस, मला हाक मारायची नाही’ असं सांगा. आणि तो शब्द लागला हेही सांगा, शांतपणे, भांडणाच्या भरात नको. त्याला बहुधा आठवतही नसेल आपण काय बोललो ते. सांगितलं नाहीत तर दर फुलीपाशी तो तुम्हाला ऐकू येईल.

एक काळजीची गोष्ट. पुरेशी झोप घेऊनही सकाळी थकवा जात नसेल, आधी आवडणाऱ्या गोष्टींत दोन-दोन आठवडे मन लागत नसेल, विनाकारण रडू येत असेल, तर ते सवयीचं काम नाही. रक्तदाब दाखवायला जाल तेव्हा हे आवर्जून सांगा. रक्त कमी असणं, थायरॉइड, नैराश्य, यांवर उपचार आहेत. त्यांना आळस समजून अंगावर काढू नका.

आज रात्री ती वही काढा. नवी नको, आणि नवं पानही उलटू नका. तुमच्या त्या पानावर दहाव्या ओळीखाली अकरावी ओळ आखून तयार आहे, फोटोत दिसतेय मला. तिच्यात आजची तारीख घाला. सहा रकान्यांपैकी चारांवर आडवी रेघ मारा, अभ्यास आणि चालणं ठेवा. मग दिवा मालवा, एक पान वाचा आणि झोपा. दोन महिन्यांनी मला याच पानाचा फोटो पाठवा, फुल्यांसकट.

तुमची,
ताई